पाटीवर नाव मावेना

३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, अहिल्याबाई होळकरांच्या जन्मगावी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगरचे अहिल्यानगर करण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते कागदोपत्री पक्के झाले. या नावाबद्दल इतिहासकारांना आणि पुढाऱ्यांना जे बोलायचे ते बोलून झाले आहे. आपला प्रश्न त्या मानाने अगदी किरकोळ आहे. जुन्या मापाच्या पाटीवर हे नवे नाव बसवायचे कसे?

पेंटरच्या नजरेने पाहिले तर ‘अहमदनगर’ हे फार सोयीचे नाव होते. सात अक्षरे, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काहीही नाही. शिरोरेषेच्या वर कोरे, अक्षरांच्या खालीही कोरे. पाटीची जवळजवळ सगळी उंची अक्षरांच्या अंगाला देता येई. ‘अहिल्यानगर’ मोजायला सहाच अक्षरे. पण पूर्ण उंचीचे उभे दंड मोजा. जुन्या नावात अ, म, न आणि ग यांचे मिळून चार. नव्या नावात अ, वेलांटी, य, काना, न आणि ग असे सहा. शिवाय अर्ध्या ल ची गाठ वेगळी. शिवाय वेलांटीची कमान शिरोरेषेच्या वर जाणार, म्हणजे तिथे जागा राखून ठेवणे आले. नाव एका अक्षराने आखूड झाले आणि तरी पाटी अपुरी पडू लागली.

मग सावेडीपासून शिर्डीपर्यंत कोणत्याही फ्लेक्सच्या दुकानात जे होते ते होते. ऑपरेटर कोरल ड्रॉमध्ये नाव टाइप करतो. लांबून दिसावे म्हणून ते ठळक करतो. मापात बसावे म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करतो. आणि जरा जोरदार वाटावे म्हणून उजवीकडे कलते करतो. बोल्ड, कंडेन्स्ड, आयटॅलिक. तीन क्लिक. वाढदिवस असो, कुस्त्यांचे मैदान असो, ट्रान्सपोर्टची पाटी असो की क्लासची जाहिरात, महाराष्ट्रातले निम्मे रस्ते या तीन क्लिकांनी भरले आहेत असे वाटते. या तीन मागण्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात, आणि त्यातही देवनागरीच्या जिवावर जरा जास्तच.

रोमन लिपीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी आल्या. तिरके अक्षर सर्वांत जुने. व्हेनिसमधल्या आल्डुस मानुतियुसने १५०१ मध्ये छोट्या आकाराच्या पुस्तकांसाठी ते वापरले, आणि त्याचे साचे फ्रान्चेस्को ग्रिफोने कापले. ते जोर दाखवण्यासाठी काढलेले नव्हते. त्या काळच्या सुशिक्षितांच्या धावत्या हस्ताक्षराची ती छापील आवृत्ती होती. टोकांना फुली-शेपट्या नसलेले, साधे, एकसारख्या जाडीचे रोमन अक्षर छपाईच्या टाइपात १८१६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम कॅझलन चौथा याच्या नमुनापत्रात दिसले. अरुंद आणि जाडजूड अक्षरांची लाट आली ती भिंतीवरच्या जाहिरातींबरोबर. डेरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास अमेरिकेत लाकडी टाइप यंत्राने कापायची युक्ती काढली आणि हातभर उंचीची अक्षरे स्वस्त झाली. कागदाची रुंदी ठरलेली, मजकूर वाढत चाललेला. तेव्हा अक्षरांनीच अंग चोरून घेतले.

नगरला अक्षरांचा हा व्यवहार अगदीच परका नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाणे मांडले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच गावातून सुरू झाले. मिशनचा मोठा छापखाना मुंबईत होता. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरीचे साचे बनवत असे, आणि त्याच्या हाताखाली पोरवयात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचे टाइप राणोजी आरू यांच्या हातचे. आज ‘छापील मराठी’ म्हटल्यावर जे गोलसर, भरदार वळण डोळ्यांपुढे येते ते बरेचसे याच परंपरेतून आलेले आहे.

शिशाच्या टाइपाला दाबून अरुंद करता येत नाही. प्रत्येक आकाराला, प्रत्येक जाडीला नवा साचा लागतो. तिरके करायचे तर आणखी पंचाईत. टाइपाचा खिळा चौकोनी. कललेल्या अक्षराचे टोक त्याच्या कडेबाहेर लोंबणार आणि छपाईच्या दाबाखाली तुटणार. रोमनमध्ये हे थोड्या अक्षरांपुरते निभावते. देवनागरीत शिरोरेषा खिळ्याला खिळा भिडवून जोडायची, त्यावर मात्रा-वेलांट्यांचे वेगळे तुकडे बसवायचे, आणि हे सगळे कलवून. म्हणून मराठीत ठसठशीत, कललेली, आवळलेली अक्षरे लागली की ती हाताने काढून त्यांचा जस्ताचा ब्लॉक करत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. एका कॉलमच्या रुंदीत नाटकाचे नाव उठून दिसले पाहिजे, आणि ते टाइपातून जुळवलेले वाटता कामा नये. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी या अरुंद पट्टीत जी करामत केली तिला तोड नाही. त्यांची अक्षरे बघताना एक लक्षात येते: ते अक्षर दाबत नसत, पुन्हा काढत. दाबणे आणि पुन्हा काढणे यांत नेमका फरक काय, हे थोडे डोळ्याचे आणि थोडे भूमितीचे काम आहे.

आधी डोळा. चष्म्याच्या नंबरासाठी जो तक्ता वाचायला लावतात, त्यामागचे माप १८६२ मध्ये हर्मान स्नेलेन या डच डॉक्टरने ठरवले. धडधाकट डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका कोनीय मिनिटाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो असे त्याने धरले आणि अक्षर पाच मिनिटांचे ठेवले. त्यातली प्रत्येक रेघ एक मिनिट, प्रत्येक फट एक मिनिट. इंग्रजी ई आठवा: तीन आडव्या रेघा आणि दोन फटी, हिशेब चोख. शंभर मीटरवर पाच मिनिटे म्हणजे साडेचौदा सेंटिमीटर. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी हे शंभर मीटर सहा सेकंदांत संपवते. नजर ६/१२ असेल तर तीच पाटी पन्नास मीटरवर वाचता येईल, आणि हाताशी तीन सेकंद उरतील.

आता एक फूट उंचीची पाटी घ्या. कडा सोडून समजा २४ सेंटिमीटर मिळाले. ‘अहमदनगर’ ते सगळे घेऊ शकत होते. स्नेलेनच्या हिशेबाने १६५ मीटर. ‘अहिल्यानगर’मध्ये वेलांटीला सहा सेंटिमीटर दिले तर अक्षराच्या अंगाला १८ उरतात, म्हणजे १२४ मीटर. एका वेलांटीने चाळीस मीटर खाल्ले. हा अर्थात कागदावरचा हिशेब. आपण शब्द अंदाजानेही वाचतो, आणि आपल्याच गावाचे नाव तर न वाचताही वाचतो. पण दिशा बरोबर आहे. रोमनमध्ये अरुंद अक्षराला उंच करून भरपाई करता येते. देवनागरीत वरचा मजला मात्रा-वेलांट्यांचा, खालचा उकारांचा. मधल्या मजल्याला वाढायला वावच थोडा. म्हणून चांगल्या अरुंद देवनागरी फॉन्टात वेलांटीची कमान चपटी केलेली आणि उकार अक्षराला चिकटवून घेतलेला दिसतो.

त्यातही स्नेलेनची पाच पट्ट्यांची चौकट रोमन अक्षराची. ‘ष’ तिच्यात घालून पाहा. डावीकडची भिंत, फट, तिरपी रेघ, फट, दंड, वर शिरोरेषा. तेवढ्याच रुंदीत जास्त माल. जाडी वाढवली की रेघा आपल्या जागी राहतात आणि मरतात त्या फटी. ‘ष’चा ‘प’ होतो, ‘ब’चा ‘व’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांत तर भेद कशावर उभा असतो? शिरोरेषेतली छोटीशी फट आणि एक गाठ, एवढ्यावर. ती बुजली की ‘धर’चे ‘घर’ होते, आणि भाऊंच्या वाढदिवसाच्या भव्य फ्लेक्सवर लांबून ‘माऊ’ वाचले जाते. कार्यकर्त्यांच्या हे लक्षात येत नाही. ते फ्लेक्सखालीच उभे असतात.

अरुंद करण्याचे बटण हे आणखी बिघडवते. अक्षर आडवे ७० टक्के केले की तीन सेंटिमीटरचा दंड २.१ सेंटिमीटर होतो, पण शिरोरेषेची जाडी उभी मोजली जाते, ती तीनच राहते. मुळात आडवी आणि उभी रेघ एकाच जाडीच्या असल्या तरी डोळ्याला आडवी जाड वाटते. अक्षरकार म्हणूनच ती आधीपासून थोडी बारीक ठेवतात. बटण दाबले की नेमके उलटे होते, आणि सगळा शब्द एका वजनदार तुळईखाली चिरडल्यासारखा दिसतो. हाताने अरुंद करणारा माणूस दंड तसाच ठेवतो आणि जागा पोकळीतून काढतो. पण ठळकपणालाही तीच पोकळी हवी असते. सहा दंडांची जाडी एकेका सेंटिमीटरने वाढवा, सहा सेंटिमीटर पोकळी गेली. आणि यात ल ची गाठ, ह चे वळण, र ची तंगडी धरलेली नाही.

तिरकेपणाचे काय? मला विचाराल तर तिघांत हाच सर्वांत लबाड, कारण तो काही बिघडवतो आहे असे वाटतच नाही.

अक्षर कलते करणे म्हणजे त्याचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवणे. बारा अंशांचा कल असेल तर दहा इंच उंच अक्षराचा माथा पायापेक्षा दोन इंचांहून थोडा जास्त पुढे जातो. उंची बदलत नाही, क्षेत्रफळ बदलत नाही, आडव्या रेघा आडव्याच राहतात. शिरोरेषा जागची हलत नाही आणि अक्षरे मात्र दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वाऱ्याने एका बाजूला जातात. इथपर्यंत सगळे छान. पण क्षेत्रफळ तेच ठेवून आकार ओढला की एका दिशेने ताण आणि दुसऱ्या दिशेने दाब येणारच. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणाऱ्या रेघा लांबतात आणि म्हणून बारीक होतात. वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणाऱ्या रेघा आखूड होतात आणि जाड होतात. बारा अंशांसाठी गणित केले तर एकसारख्या जाडीच्या वर्तुळाची कड सर्वांत बारीक जागी सुमारे १० टक्क्यांनी घटते आणि सर्वांत जाड जागी सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. ‘ठ’ घेऊन पाहा: वरची डावी आणि खालची उजवी बाजू रोडावते, वरची उजवी आणि खालची डावी सुजते. बारीक अक्षरात हे खपून जाते. ठळक अक्षरात दोन बाजूंच्या जाडीतला जवळजवळ चोवीस टक्क्यांचा फरक लपत नाही. ‘ठ’ पंक्चर झालेल्या चाकासारखा दिसू लागतो.

आणि इथे देवनागरीचे स्वतःचे दुखणे येते. बोरूचे टोक देवनागरीसाठी रोमनच्या उलट अंगाने कापतात. त्यामुळे रोमन ओ ज्या जागी जाड असतो, तिथे देवनागरीचे वळण बारीक असते. आपल्या ‘ठ’ची, ‘व’ची जाडी वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरते, उजवीकडे चढणारी रेघ हीच आपली भरदार रेघ. उजवीकडचा कल नेमकी तीच रेघ पातळ करतो. म्हणजे रोमन अक्षर कलवले तर त्याच्या लेखणीच्या सवयीला थोडा दुजोरा मिळतो आणि देवनागरी कलवली तर बोरूने जे दिले ते संगणक काढून घेतो. डावीकडे कलवली तर गणित जमेल खरे. पण मग अक्षर पाठीमागे पडल्यासारखे वाटते, आणि आपल्या नेत्याचे नाव मागे पडताना दाखवायला कोण तयार होणार!

बोरूचा संस्कार पुसून टाकलेल्या, एकसारख्या जाडीच्या आधुनिक फॉन्टात हा दोष कमी व्हायला हवा. होतोही. पण पूर्ण जात नाही, कारण डोळा अजून त्याच वळणांवर वाढलेला आहे. शिवाय मात्रांचा गोंधळ उरतोच. शिरोरेषा जागेवर धरून कलवले तर तिच्यावरचे सगळे उजवीकडे आणि खालचे सगळे डावीकडे जाते. ‘विद्यार्थी’मधला रेफ आणि वेलांटी पुढच्या शब्दाच्या दारात पोहोचतात, ‘गुरू’चा पहिला उकार ग च्या दंडाखालून निसटून त्याच्या आकडीखाली जातो. फॉन्टाच्या आत प्रत्येक मात्रेला अक्षराशी बांधणारा एक खुंटीसारखा बिंदू ठरवलेला असतो. तिरक्या फॉन्टात हे सगळे बिंदू नव्याने ठरवावे लागतात. बटण हे काम करत नाही.

एवढे सगळे असून तिरके अक्षर ‘जोरात’ का वाटते? याचे एक सुंदर उदाहरण कॅमेऱ्याच्या इतिहासात आहे. १९१२-१३ च्या सुमारास झाक आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने मोटारींच्या शर्यतीत एका भरधाव गाडीचा फोटो काढला. फोटोत गाडीचे चाक गोल नाही, पुढे कललेली लंबवर्तुळाकार चकती आहे. आणि मागचे प्रेक्षक, खांब उलट्या दिशेला कलले आहेत. त्या कॅमेऱ्याचा पडदा म्हणजे काचेवरून सरकणारी एक आडवी फट होती. चित्राची एक पट्टी आधी टिपली गेली, दुसरी क्षणभराने. तेवढ्यात गाडी पुढे सरकली, आणि गाडीचा पाठलाग करत वळणाऱ्या कॅमेऱ्यामुळे प्रेक्षक मागे. प्रत्येक पट्टी तिच्या उंचीच्या प्रमाणात बाजूला. वर अक्षराचे जे गणित सांगितले तेच, फक्त ते कॅमेऱ्याने केले. पुढे व्यंगचित्रांतल्या गाड्या पुढे झुकून पळू लागल्या, त्यात अशा फोटोंचा वाटा असावा असे म्हणतात आणि ते पटण्यासारखे आहे.

प्रयोग करून बघायचा असेल तर नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसा, फोन आडवा धरा आणि रस्त्याकडेच्या जवळच्या विजेच्या खांबांचे फोटो काढा. फोनचा कॅमेराही चित्र ओळीओळीने टिपतो. रस्ता चांगला असेल आणि गाडीने वेग घेतला असेल, तर फोटोत खांब कललेले दिसतील. (रस्ता चांगला असेल तर, हे दोनदा सांगायला हरकत नाही.)

म्हणजे कल हा वेगाचा ठसा म्हणून आपण ओळखतो. पण धावणारी वस्तू आपण असू, पाटी स्थिर असेल, तेव्हा तोच कल वाचायला मदत करतो का? इथे मेंदू फारसा अनुकूल नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीजल यांनी १९५९ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी ठरावीक कोनांच्या रेघांना प्रतिसाद देतात. या मालिकेतल्या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले. पुढच्या संशोधनातून दिसले की उभ्या आणि आडव्या रेघांबाबत आपली नजर तिरक्या रेघांपेक्षा तीक्ष्ण असते. भिंतीवरची फ्रेम एखाद्या अंशाने वाकडी असली तरी आपल्याला खटकते, पण पंचेचाळीस अंशांवरची रेघ अंशभराने हलली तर कळत नाही, ते यामुळेच. दहा-बारा अंशांचा कल फार नाही, पण तो आपल्याला सोयीच्या उभ्या दिशेपासून दूर नेतो एवढे खरे.

अरुंदपणाची अडचण वेगळी. चालकाची नजर रस्त्यावर असते, पाटी तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो. हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये मांडलेला नियम असा, की नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितके दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत दुसरे अक्षर आले तर दोन्ही एकमेकांत कालवल्यासारखी दिसतात. अक्षर लहान आहे म्हणून असे होत नाही. शेजारी जवळ आला म्हणून होते. आवळलेल्या अक्षरांत शेजारी जवळ असतातच, आणि देवनागरीत ते वरून एकाच रेघेने बांधलेले असतात.

सरकारला हे विज्ञान माहीत असो वा नसो, एका बाबतीत त्याने योग्य हट्ट धरला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकीच्या नंबरप्लेटवरील अक्षर-आकडे ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड आणि दोन आकड्यांत १० मिलिमीटर जागा. सरळ, सुटे, साधे. स्नेलेनच्या मापाने हा आकडा सुमारे ४५ मीटरवरून वाचता यावा. उलट नगरच्या एमएच १६ वर आणि श्रीरामपूरच्या एमएच १७ वर ज्यांना हौस करायची असते ते आकडे जाड करतात, आवळतात, कलवतात आणि इंग्रजी ४१४१ मधून ‘दादा’ किंवा २१४ मधून ‘राम’ काढतात. आकडा वाचता येऊ नये हाच हेतू असेल तर या तीन क्लिकांपेक्षा चांगली युक्ती नाही.

तरीही ठळक, अरुंद आणि तिरके देवनागरी अक्षर नकोच, असे मला वाटत नाही. कुस्तीच्या जाहिरातीवर सरळ, सडपातळ अक्षरे लावली तर मैदान सुरू होण्याआधीच थंड पडेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीचा निकाल लागला. अशा वेळी गावभर जे फलक लागतात त्यांना दणका हवाच. अक्षर मात्र त्या कामासाठी काढलेले हवे. गेल्या दहा-बारा वर्षांत यातला अर्धा रस्ता पार पडला आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ हे मोफत फॉन्ट मथळ्यांसाठीच काढलेले, आवळलेले आणि ठळक. पण त्यांना तिरके रूप नाही. त्याच संस्थेच्या ‘पॉपिन्स’ला नऊ वजने आणि प्रत्येकाचे तिरके रूप आहे, पण ते अरुंद नाही. मुंबईच्या एक टाइपने २०२२ मध्ये आणलेल्या ‘अनेक’मध्ये देवनागरीसह दहा लिप्या एकाच कुळात बांधल्या आहेत, आणि त्यातली रुंदी व जाडी पट्टी सरकवून हवी तेवढी करता येते. हा बदलता फॉन्ट दाबत नाही. अरुंद ‘अ’ आणि रुंद ‘अ’, बारीक ‘अ’ आणि जाड ‘अ’ अशी टोकाची चित्रे अक्षरकाराने स्वतः काढलेली असतात. त्यांच्या कडांवरचे बिंदू एकास एक जुळवलेले असतात, आणि संगणक मधली जागा त्या बिंदूंमधून काढतो. म्हणून पट्टी अरुंदकडे नेली तरी दंड रोडावून शिरोरेषा सुजत नाही. कलाची पट्टी मात्र ‘अनेक’मध्ये नाही.

त्यामुळे तिसरे बटण अजून ऑपरेटरच्याच हातात आहे. वेबपानावरही तसेच, फॉन्टाला तिरके रूप नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर कलवून मोकळा होतो, तेही सगळ्या बिंदूंना सरसकट, उंचीच्या प्रमाणात सरकवून.

मराठीने वेग दाखवला नाही असे नाही. आल्डुसने ज्या धावत्या हस्ताक्षराला शिशात उतरवले, त्याच्या जागी आपल्याकडे मोडी होती. मोडी लिहिणारा कागदभर रेघ आधी ओढून घेई आणि मग हात न उचलता अक्षरे तिच्याखाली गुंफत जाई. घाईत तिची अक्षरे वळत, गोलावत, एकमेकांत शिरत. महसुलाच्या आणि देवस्थानांच्या जुन्या दप्तरांत ती पानोपान आहे. पण मोडी ही देवनागरीची तिरकी बहीण म्हणून छापखान्यात कधी शेजारी बसली नाही, वेगळी लिपी म्हणूनच राहिली. रोमन आयटॅलिकला जसे स्वतःचे वेगळे आकार मिळाले तसे देवनागरीला मिळाले नाहीत, आणि उरला तो नुसता कल. मोडीची वळणे घेऊन एखाद्याने ठळक तिरकी देवनागरी काढून बघायला हवी. कदाचित वाचता येणार नाही. पण फ्लेक्सवरचे तरी कुठे येते!

तोवर, कोणी ‘अहिल्यानगर’ याच कामासाठी हाताने काढायला बसलाच, तर त्याची कामे ठरलेली आहेत. कल बाराऐवजी आठ अंश पुरे. तेवढ्यानेही अक्षर पुढे झुकलेले दिसते आणि जाडीतली तफावत तिसऱ्या हिश्शाने कमी होते. वेलांटीची कमान चपटी करायची आणि तिचे टोक ह च्या माथ्यावरच थांबवायचे. ह च्या आणि र च्या चढत्या वळणांना कलाने खाल्लेली जाडी परत द्यायची. ल मराठी वळणाचा घ्यायचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तोच प्रमाण मानला आहे, पण बऱ्याच फॉन्टांत भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी वळणाचा ल येतो. त्याच्या अर्ध्या रूपाची गाठ बुजू नये इतकी उघडी ठेवायची. आणि ‘ल्या’मध्ये य चा दंड व काना शेजारी शेजारी येतात, ते दोन्ही बाकीच्या चार दंडांपेक्षा केसभर बारीक काढायचे, म्हणजे नावाच्या मध्येच काळा डाग पडणार नाही.